घर बदलताना रात्रीच्या दोनचा विचार

गेल्या पंधरवड्यात एक परिचित गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आले. तालुक्याच्या गावातून बिऱ्हाड हलवून ते सांगलीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. घरात ते, त्यांच्या सौ., मुलगा, सून, पाच वर्षांची नात आणि ऐंशी ओलांडलेली आई. फ्लॅट पूर्वाभिमुख आहे, पाणी रोज येते, नातीची शाळा हाकेच्या अंतरावर आहे, असे सर्व त्यांनी कौतुकाने सांगितले. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारले, "रात्री दोन वाजता आईंना दम लागला तर काय कराल?" ते क्षणभर गप्प झाले. सौ. मात्र रागावल्या. म्हणाल्या, "अहो डॉक्टर, वास्तुशांत होऊन आठ दिवस झाले नाहीत, असं अभद्र कशाला बोलता?"

त्यांचा राग मी समजू शकतो. नव्या घराच्या आनंदात आजारपणाचा विषय कोणाला आवडेल? परंतु जून महिना आला की बदल्यांमुळे, मुलांच्या शाळा-कॉलेजांमुळे किंवा निवृत्तीनंतर अनेक कुटुंबे घर बदलतात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्यापैकी काहीजण माझ्याकडे अशा अवस्थेत येतात, की थोडा आधी विचार केला असता तर ती वेळ टळली असती. म्हणून आजच्या लेखात आपण घर बदलताना तातडीच्या प्रसंगाची तयारी कशी करावी, ते पाहू.

एका गुरुजींची हकीकत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक मुलाच्या आग्रहावरून खेड्यातील घर सोडून शहराच्या कडेला असलेल्या नव्या कॉलनीत राहायला आले. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही विकार जुने. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट "लवकरच" बसणार होती. राहायला येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले, दरदरून घाम सुटला. मुलगा कामानिमित्त परगावी होता. बाईंनी १०८ ला फोन केला. पलीकडून पत्ता विचारला तेव्हा त्यांनी सांगितले, "पाण्याच्या टाकीजवळ." त्या भागात पाण्याच्या टाक्या दोन होत्या. कॉलनीला पाटी नव्हती, इमारतीवर नाव नव्हते. रुग्णवाहिका दुसऱ्या टाकीला वळसा घालत राहिली.

शेवटी गाडी आली, तर जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. गुरुजींना खुर्चीत बसवून खाली आणावे लागले. त्यांना रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत हे बाईंना सांगता येईना, कारण कागदांची पिशवी न उघडलेल्या ट्रंकेत होती. पूर्वी काढलेला ई.सी.जी. गावाकडच्या कपाटात राहिला होता. जवळच्या रुग्णालयात नेले, तर तेथे हृदयविकारावर उपचारांची सोय नव्हती. पुन्हा तेथून मिरजेला. या सगळ्यात तीन तास गेले.

गुरुजी वाचले. पण हृदयाचे स्नायू बरेच दुबळे झाले. तीन मजले चढणे त्यांना पुढे शक्य झाले नाही आणि वर्षाच्या आत त्या कुटुंबाला दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावे लागले.

यात कोणा एकाचा दोष नव्हता. गावात असते तर काय झाले असते? दोन गल्ल्या सोडून डॉक्टर राहत होते आणि त्यांना गुरुजींच्या गोळ्या तोंडपाठ होत्या. शेजाऱ्यांकडे जीप होती. गुरुजींचे घर कोणते, हे शेंबड्या पोरानेही सांगितले असते. पंचवीस-तीस वर्षे एका जागी राहिल्यावर अशी व्यवस्था आपोआप तयार होते आणि आपल्याला तिची जाणीवही नसते. सामान ट्रकमध्ये भरून नेता येते, ही व्यवस्था नेता येत नाही. नव्या जागी ती मुद्दाम उभी करावी लागते. ती उभी होईपर्यंतचे पहिले दोन-तीन महिने सर्वात नाजूक असतात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

घर ठरवण्यापूर्वी काय पाहावे?

आपण हवा, उजेड, दिशा आणि भाडे पाहतो. त्याबरोबर पुढील गोष्टीही पाहाव्यात.

पहिली गोष्ट पाण्याची. नळाचे नव्हे, पुराचे. आपल्या कृष्णाकाठच्या लोकांना हे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपण ते अनुभवले आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. परंतु बाहेरगावाहून आलेल्या माणसाला उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत प्लॉट पाहून याची कल्पना येत नाही. नद्यांच्या पूररेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. आपली जागा या रेषांच्या आत आहे की बाहेर, याची चौकशी महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात करावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. घर विकणारा जे सांगत नाही, ते दुकानदार सांगतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. घर कोरडे राहिले तरी रुग्णालयाकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जातो का? ओढ्यावरचा पूल बुडतो का? रेल्वेचे फाटक लागते का? पर्यायी रस्ता आहे का? भर पावसाळ्यात बाळंतपण असलेल्या घराने तर हा प्रश्न सर्वात आधी विचारावा.

तिसरी गोष्ट जिन्याची. घरात हृदयरोगी, दमेकरी, गुडघे गेलेली वृद्ध व्यक्ती किंवा अर्धांगवायूचा रुग्ण असेल तर जिना स्वतः चढून पाहा. वळणावर आडवे स्ट्रेचर वळेल का? लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर चालते का? "लवकरच बसणार" ही लिफ्ट हिशेबात धरू नये.

येथे एक पेच येतो. आजारी माणसाला तळमजला बरा आणि पुराला वरचा मजला बरा. मग करावे काय? माझे मत असे, की शक्य असेल तर उंचावरच्या भागात तळमजला घ्यावा, मग थोडे लांब पडले तरी चालेल. ते जमत नसेल आणि सखल भागातच राहणे भाग असेल तर पहिला मजला घ्यावा आणि पाणी वाढू लागताच घरातील आजारी माणसाला सर्वात आधी हलवावे.

चौथी गोष्ट न्हाणीघराची. गॅसचा गीझर बंदिस्त न्हाणीघरात बसवलेला असेल तर तो बाहेर बसवून घेतल्याशिवाय वापरू नये. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही. विजेच्या मीटरजवळ ई.एल.सी.बी. हे धक्का बसताच प्रवाह तोडणारे उपकरण आहे का, हेही पाहावे. नसेल तर वायरमनकडून बसवून घ्यावे. त्याचा खर्च सामान हलवण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

रुग्णालय किती मिनिटांवर?

रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, यापेक्षा किती मिनिटांवर आहे आणि तेथे काय मिळते, हे महत्त्वाचे. कारण काही आजारांत घड्याळच निकाल लावते.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितके हृदय अधिक वाचते. पहिला तास सर्वात मोलाचा. अर्धांगवायूच्या झटक्यात आधी सी.टी. स्कॅन करून झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे ठरवावे लागते आणि गुठळीचा असेल तर इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ज्या रुग्णालयात सी.टी. स्कॅन नाही तेथे आधी जाणे म्हणजे वेळ घालवणे होय. सर्पदंशात सर्पविषावरील लस हाच उपाय आहे आणि ती वेळेवर मिळाली पाहिजे.

म्हणून राहायला जाण्याआधी एकदा चौकशी करून तीन नावे लिहून ठेवावीत. एक, किरकोळ दुखण्यासाठी जवळचे फॅमिली डॉक्टर. दोन, रात्री उघडे असणारे आणि अतिदक्षता विभाग व सी.टी. स्कॅन असणारे रुग्णालय. तीन, जवळचे सरकारी रुग्णालय. खेड्यात बदली झाली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात सर्पविषाची लस आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, हे जाऊन विचारावे. विचारण्यात संकोच कसला? सरकारी रुग्णालय आपल्यासाठीच आहे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. गरोदर माता व तान्ह्या बाळासाठी १०२ क्रमांक आहे. पोलीस, अग्निशमन वा कोणत्याही संकटासाठी ११२. हे आकडे पाठ असतात. पाठ नसतो तो आपला नवा पत्ता! तो मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. घर क्रमांक, मजला, इमारत, गल्ली आणि एक अशी खूण की जी त्या भागात एकच आहे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचे नाव आठवत नाही, पत्ता कुठून आठवणार?

ट्रक येण्याआधीचे पंधरा दिवस

सामानाची बांधाबांध सुरू झाली की पहिली हरवते ती औषधांची पिशवी. म्हणून ती आधी बांधावी आणि ट्रकमध्ये मुळीच टाकू नये. ती आपल्या हातात असावी.

तिच्यात काय असावे? प्रत्येक रुग्णाच्या किमान एक महिन्याच्या गोळ्या. एका कागदावर प्रत्येकाचे नाव, वय, आजार, गोळीचे नाव, ती किती मिलिग्रॅमची आणि केव्हा घ्यायची. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते लाल शाईने. शेवटचा ई.सी.जी., रक्त तपासण्या, शस्त्रक्रियेचे कागद, मुलांची लसीकरणाची कार्डे. जुना ई.सी.जी. रद्दी समजून टाकू नका. नव्या ई.सी.जी.तील बदल आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे जुना पाहिल्याशिवाय ठरवणे कठीण जाते. आता मोबाइलवर या सर्वांचे फोटो काढून ठेवता येतात, तेही जरूर काढावेत. पण मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते, तेव्हा कागद हवाच.

जुन्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मागून घ्यावी. बहुतेक डॉक्टर ती आनंदाने देतात. आम्हालाही आपला रुग्ण सुखरूप दुसऱ्याच्या हाती गेला तर समाधान वाटते.

काही रुग्णांबाबत विशेष काळजी हवी:

मधुमेह: इन्शुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. प्रवासात ती थर्मासमध्ये न्यावी आणि बर्फाला थेट टेकू देऊ नये. गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे. गाडीच्या काचेमागे उन्हात ते कधीही ठेवू नये. हलवाहलवीच्या दिवशी जेवणाची वेळ चुकते, गोळी किंवा इंजेक्शन मात्र घेतले जाते आणि साखर एकदम उतरते. खिशात साखरेची पुडी असू द्यावी.

फीट: एक दिवस जरी गोळी चुकली तरी फीट येऊ शकते आणि लागोपाठ येऊ लागल्या तर जिवावर बेतते. जागरणानेही फीट येते. अशा व्यक्तीला रात्रभर सामान लावत बसू देऊ नये.

रक्तदाब: दोन दिवस गोळी न घेता बरे वाटले म्हणून ती सोडू नये. काही गोळ्या अचानक बंद केल्यास दाब पूर्वीपेक्षा वर उसळतो.

क्षयरोग: उपचार मध्येच तुटणे हे सर्वात घातक. सरकारी केंद्रातून औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी तेथे सांगावे. रुग्णाची नोंद नव्या गावच्या केंद्राकडे वर्ग करता येते.

डायलिसिस: नव्या गावात वार आणि वेळ पक्की झाल्याशिवाय जुने गाव सोडू नये.

गरोदरपण: शेवटच्या महिन्यात घर बदलणे शक्यतो टाळावे. बदलावेच लागले तर आधी नव्या ठिकाणी नाव नोंदवावे. माता व बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवावे. तेथील आशाताईंची ओळख करून घ्यावी. रात्री-अपरात्री त्यांच्यासारखा आधार नाही.

पहिल्या रात्री

पहिल्या काही रात्रींविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक अपघात याच काळात होतात.

सामान आलेले असते, पलंग जोडलेले नसतात. सगळे दमलेले. मग जमिनीवर चादरी टाकून एकत्र झोपतात. मुलांना तर ती मौज वाटते. परंतु शहराच्या कडेच्या नव्या वसाहती पूर्वीच्या शेतात उभ्या आहेत. बांधकामाच्या विटा, फळ्या, मुरुमाचे ढीग बाजूला पडलेले असतात. त्यात उंदीर आणि उंदरांमागे साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. त्यांतील मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, काल बाहेरचे खाल्ले, पित्त झाले असेल. तोवर श्वासाचे स्नायू निकामी होऊ लागतात. तेव्हा जमिनीवर झोपलेल्या माणसाची पहाटे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण शोधत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

उपाय साधा आहे. ट्रकमधून आधी पलंग उतरवून जोडावेत. ते शक्य नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. अंथरूण झटकून घ्यावे, बूट-चपला झटकून घालाव्यात, कारण विंचूही अशाच जागी बसतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग होतो, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. दंश झालाच तर चिरा मारणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. अवयव हलू न देता रुग्णाला घेऊन निघावे.

दुसरा धोका वृद्धांचा. हे मी पुस्तकातले सांगत नाही. आम्ही जुन्या वाड्यातून नव्या घरात आलो, तेव्हा माझी आई ७८ वर्षांची होती. तिसऱ्या रात्री ती लघवीला उठली. वाड्यात संडास डाव्या हाताला होता. नव्या घरात डाव्या हाताला जिन्याच्या दोन पायऱ्या होत्या. झोपेत पाय जुन्याच सवयीने वळले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही. मी डॉक्टर. इतरांना रात्रीचा दिवा लावा म्हणून सांगणारा. आणि माझ्याच घरात तो दिवा अजून खोक्यात होता. पंचवीस रुपयांची वस्तू! आजही नव्या घराचे पेढे कोणी आणले की मला तो खोका आठवतो.

म्हणून पहिल्याच दिवशी, देवघर लावण्याच्या आधी म्हटले तरी चालेल, वृद्धांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी करावी. तेथे रात्रभर दिवा असावा. न्हाणीत धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी चटई असावी. दिवसा त्यांना हाताला धरून चार-पाच वेळा त्या वाटेने नेऊन आणावे. पहिला आठवडा कोणीतरी त्यांच्या खोलीत झोपावे. जागा बदलल्यावर काही वृद्ध रात्री गोंधळतात, "मला घरी न्या" म्हणतात. त्यांच्यावर चिडू नये. मात्र हा गोंधळ एकाएकी वाढला तर जंतुसंसर्ग, साखर किंवा क्षार कमी होणे अशी कारणे असू शकतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा धोका लहान मुलांचा. कठडा नसलेली गच्ची, झाकण नसलेली पाण्याची टाकी, उघडे लिफ्टचे भुयार. त्यात रंगाऱ्याने शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले टर्पेंटाइन! मुलाने असे काही पिले तर त्याला उलटी करवू नये, ते फुप्फुसात जाते. बाटलीसह रुग्णालयात न्यावे. दमेकरी व्यक्तीला धूळ झाडून, रंगाचा वास गेल्यावरच नव्या घरात आणावे.

पाणी बदलल्याने जुलाब होतात, ही तक्रार तर दर घरामागे. टाकी धुऊन घ्यावी, पहिले काही आठवडे पाणी उकळून प्यावे आणि क्षारसंजीवनीची चार पाकिटे घरात ठेवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पहिल्या रविवारी

सामान लावून झाले की पहिल्या रविवारी एक तास काढावा. घरातील सर्वांना, शाळकरी मुलांनाही, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, हे दाखवावे. त्यांच्या हातून करून घ्यावे. शेजारच्या दोन घरांत चहाला जावे, त्यांचे फोन घ्यावेत, आपले द्यावेत. शेजारी कोणाकडे रात्री चालवता येणारी गाडी आहे, हे बोलण्यात कळतेच. मग एकदा रात्रीच्या वेळी, ठरवलेल्या रुग्णालयापर्यंत स्वतः जाऊन यावे. रात्री कोणते दार उघडे असते, गाडी कोठे थांबते, हे दिवसा कळत नाही.

आणि फॅमिली डॉक्टरांना आजारी पडण्याआधी भेटावे. निरोगी माणूस दवाखान्यात आला तर आम्ही काही परत पाठवत नाही.

पूर आणि भूकंप

२०१९ च्या पुरात मी निवारा केंद्रांवर तपासणीला जात असे. तेथे जखमांपेक्षा जास्त गर्दी गोळ्या मागे राहिलेल्यांची होती. "कोणती गोळी?" म्हटले की उत्तर येई, "पांढरी, बारीक." अशा शेकडो पांढऱ्या बारीक गोळ्या आहेत! त्यांच्यापैकी एकाच्या जरी खिशात कागद असता तरी माझे आणि त्यांचे काम सोपे झाले असते. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रम्हनाळ येथे माणसे बाहेर काढणारी बोट उलटून जी दुर्घटना झाली, ती आपण विसरू शकत नाही. पाणी दारात येण्याची वाट पाहिली की सुटकेचा मार्गही धोक्याचा होतो. घरात आजारी, वृद्ध किंवा गरोदर कोणी असेल तर इशारा मिळताच, रस्ता कोरडा असतानाच निघावे. कोणत्या नातेवाइकाकडे जायचे, हे मे महिन्यातच ठरलेले असावे.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, हे दोन्ही भूकंप पहाटेच्या आधी, माणसे गाढ झोपेत असताना झाले. यावरून नव्या घरात सामान लावताना एक धडा घ्यावा. पलंगाच्या डोक्यावर माळा, जड ट्रंका, काचेच्या तसबिरी ठेवू नयेत. उंच कपाट भिंतीला पट्टीने पक्के करावे आणि ते पडले तर दार अडेल अशा जागी उभे करू नये. दगड-मातीच्या जुन्या घरात भाड्याने राहायला जात असाल तर भिंतींच्या भेगा जाणकाराला दाखवून घ्याव्यात.

कापून ठेवण्यासाठी

१. दाराच्या आत नवा पत्ता, एकमेव खूण आणि १०८, १०२, ११२ हे क्रमांक.
२. तीन नावे: फॅमिली डॉक्टर, रात्रीचे रुग्णालय, सरकारी रुग्णालय.
३. औषधांची पिशवी हातात, महिन्याच्या गोळ्या आणि यादीसह.
४. पहिल्या रात्री पलंग किंवा खोचलेली मच्छरदाणी.
५. वृद्धांच्या वाटेवर रात्रीचा दिवा.
६. दोन शेजाऱ्यांचे फोन.
७. पुरात जायचे ठिकाण आधीच ठरलेले.

परवा ते पेढेवाले गृहस्थ आणि त्यांच्या सौ. आईंना घेऊन रक्तदाब तपासायला आले. सौ. माझ्याशी अजून थोड्या फुरंगटूनच बोलत होत्या. पण निघताना त्यांनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "सासूबाईंच्या गोळ्या लिहिल्यात, बरोबर आहेत का तेवढं बघा. आणि तो दिवा लावला हो पहिल्याच दिवशी घरी जाऊन." मी कागद पाहिला. एका गोळीचे मिलिग्रॅम चुकले होते. तेवढे दुरुस्त करून दिले.